को जागर्ति? : दुकाने, संस्था व सार्वजनिक वास्तू यांच्या राखणीचा विचार

(समाजाच्या आरमोरी येथील कोजागिरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. कार्यकारी मंडळाच्या आग्रहावरून तो येथे छापण्यात येत आहे.)



आजच्या रात्री लक्ष्मी घरोघर फिरते आणि ‘को जागर्ति?’, कोण जागे आहे, असा प्रश्न विचारते, अशी आपली पूर्वापार श्रद्धा आहे. जो जागा असेल त्याच्या घरी ती वास करते. चिटणीसांनी मला आजचा विषय सुचविला तेव्हा या गोष्टीची मला प्रथम आठवण झाली. विषय आहे राखणीच्या नव्या यंत्रणांचा. दुकाने, भातगिरण्या, पतसंस्था, शाळा, दवाखाने यांचे रक्षण आज कॅमेरे, भोंगे व दूरवरून लक्ष ठेवणाऱ्या कचेऱ्या यांच्या साहाय्याने होऊ लागले आहे. त्याचे मर्म काय, मर्यादा काय, आणि आपल्यासारख्या लहान गावातील समाजाने त्यातून काय घ्यावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. बँकेच्या चाकरीत माझी उभी हयात गेली. कुलपे, किल्ल्या आणि तिजोऱ्या यांच्या सहवासात जे काही उमगले, त्याच्याच बळावर हे चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

राखण ही गोष्ट आपणांस नवी नाही. धान लोंबीवर आला की आपल्याकडे बांध्यांत मचाणे उभी राहतात. रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी माणसे रात्रीची जागल करतात. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप आपल्या जिल्ह्यात उतरला, तेव्हापासून तर या जागलीला जिवाचा धोका जडला आहे. या जागलीची रीत पाहा. मचाणावरचा माणूस एकटा डुकरांच्या कळपाला पुरा पडत नाही. तो पाहतो आणि हाक घालतो. ती हाक शेजारच्या बांधीतील माणूस ऐकतो, तो पुढच्यास हाक देतो, आणि चार माणसे टेंभे घेऊन धावतात. पाहणे, हाक घालणे आणि धावून जाणे, या तिहींची मिळून राखण होते. यांतील एक जरी तुटले तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग नाही. आज मी जे जे सांगणार आहे ते या एका सूत्राचेच विवरण आहे.

प्रथम या यंत्रणेची रचना थोडक्यात सांगतो. दाराच्या चौकटीत एक लहानसे लोहचुंबक बसवितात. दार उघडून ते दूर होताच संकेत जातो. खोलीत कोणी वावरले तर अंगाची उष्णता ओळखणारे साधन असते. तिजोरीच्या भिंतीवर घण वा यंत्र चालले तर तिचा कंप टिपणारे साधन असते. छताला धूर ओळखणारी डबी असते. हे सारे संकेत एका पेटीत येतात. वीज गेली तरी चालावी म्हणून त्या पेटीला बॅटरी असते, आणि दूरध्वनीच्या जाळ्यातून ती आपला निरोप एका मध्यवर्ती कचेरीकडे धाडते. त्या कचेरीत अहोरात्र माणसे बसलेली असतात. संकेत येताच ती कॅमेऱ्याचे चित्र पाहतात, खरा प्रकार की खोटा हे ताडतात, मालकाला कळवितात आणि गरज पडल्यास पोलिसांना व अग्निशामक दलाला बोलावितात.

ही कल्पना कालपरवाची नाही. अमेरिकेत १८५३ साली ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने दार किंवा खिडकी उघडताच घंटा वाजविणाऱ्या विद्युतयंत्राचे पेटंट घेतले. पुढे एडविन होम्स याने ते विकत घेऊन त्याचा धंदा उभारला, आणि निरनिराळ्या इमारतींतील घंटा तारांनी एका मध्यवर्ती ठिकाणाशी जोडण्याची पद्धत रूढ केली. रिकाम्या दुकानात घंटा वाजली तर ती ऐकणार कोण, या साध्या प्रश्नातून ती पद्धत निघाली. दीड शतकानंतर आपण कॅमेरे विकत घेतो, पण हा प्रश्न विचारावयास विसरतो.

तो विसरल्याने काय होते याचे एक उदाहरण माझ्या परिचयातील आहे. एका स्नेह्याने आपल्या कापडाच्या दुकानात चार कॅमेरे बसविले. दारावर मोठी पाटी लावली आणि रात्रीच्या चौकीदाराला निरोप दिला. दीड-दोन वर्षे सुखाची गेली. एके सकाळी पाहतात तो मागचे शटर उचकटलेले आणि गल्ला रिकामा. आम्ही सारे म्हणालो, चोर आता सापडलाच म्हणून समजा. परंतु चित्रे ज्या डब्यात साठत होती तो डबाच चोरट्यांनी उचलून नेला होता. चार डोळे रात्रभर उघडे होते, परंतु त्या डोळ्यांमागे माणूस नव्हता. त्या स्नेह्याचे एक वाक्य माझ्या मनावर कोरले गेले आहे. तो म्हणाला, “चौकीदार डुलकी तरी घेत असे, पण कधी तरी जागाही असे.”

चोरीची हानी भरून निघते. पण धन परत मिळविता येते तसे प्राण परत मिळविता येत नाहीत. आपल्या वैनगंगेच्याच काठी वर भंडारा आहे. तेथील जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या उत्तररात्री नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. कर्तव्यावरील परिचारिकेला धूर दिसला आणि तिने दार उघडले, तेव्हा कक्ष धुराने भरून गेला होता. सात बालकांना वाचविण्यात आले. दहा बालके दगावली, आणि त्यांतील बहुतेक धुराने गुदमरून गेली. धूर ओळखून हाक घालणारी यंत्रणा तेथे नव्हती. सज्जनहो, ज्या डबीची किंमत एखाद्या बऱ्या लुगड्याहून कमी असते, ती डबी अशा वेळी कोणते काम करू शकते, याचा विचार मनात आला म्हणजे झोप उडते. आग लागल्यावर पहिली काही मिनिटेच काय ती आपल्या हाती असतात. आपण जागे असलो तर ती मिनिटे आपली, नाही तर ती आगीची.

दुसरे उदाहरण बदलापूरचे. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि सारा महाराष्ट्र हादरला. चौकशीच्या वेळी शाळेतील कॅमेऱ्यांचे हवे ते चित्रण मिळाले नाही. त्यानंतर त्याच महिन्यात राज्य शासनाने शाळांत कॅमेरे बसविणे सक्तीचे केले. आदेश योग्यच आहे. परंतु भिंतीवर कॅमेरा लटकला म्हणजे लेकरू सुरक्षित झाले असे मानणे ही आत्मवंचना होय. तो चालू आहे काय, त्याचे चित्र कोण पाहतो, आणि मुलीने घाबरत सांगितलेली गोष्ट त्याच दिवशी ऐकून घेणारे कोणी आहे काय, हे प्रश्न आदेशाने सुटत नाहीत. ते शिक्षकांनी आणि पालकांनीच सोडवावयाचे आहेत.

आता धनाच्या राखणीकडे वळतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगर येथील एका बँकेच्या शाखेत चोरट्यांनी शेजारच्या गाळ्यातून भुयार खणले आणि तीस लॉकर फोडले. आठवड्याची सुट्टी संपून सोमवारी बँक उघडली तेव्हा हा प्रकार लक्षात आला. चोर दारातून नव्हे, तर जमिनीतून आले! दिसणाऱ्या वाटेवरच नजर ठेवली की न दिसणारी वाट मोकळी राहते. कंप टिपणारी साधने तिजोरीच्या खोलीत का असावीत, हे यावरून ध्यानात येईल.

याच संदर्भात आपल्या भगिनींच्या हिताची एक माहिती देतो, कारण घराघरांतील सोने आज लॉकरात असते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरांविषयी सुधारित नियम जाहीर केले. ते १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. लॉकरांच्या खोलीत जाणाऱ्या-येणाऱ्यांचे कॅमेऱ्यातील चित्रण किमान १८० दिवस जपले पाहिजे. लॉकर उघडला गेला की ग्राहकाला त्याच दिवशी संदेश गेला पाहिजे. चोरी, दरोडा, आग किंवा बँकेच्या नोकराची लबाडी यामुळे हानी झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. म्हणून आपला मोबाइल क्रमांक बँकेत अद्ययावत ठेवा, आणि आलेला संदेश न वाचता पुसून टाकू नका. बँक हाक घालील. पण ती ऐकणे तुमच्याकडे आहे. पैसे काढण्याच्या यंत्रांविषयीही जून २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशाच सूचना दिल्या. ती यंत्रे भिंतीत वा जमिनीत पक्की बसवावीत असे सांगून, वेळेवर इशारा मिळावा व त्वरित मदत पोचावी यासाठी दूरवरून देखरेख ठेवण्याचा विचार करावा, असेही तिने सुचविले. ‘वेळेवर इशारा’ आणि ‘त्वरित मदत’, हे दोन शब्दप्रयोग मला फार मोलाचे वाटतात. आपल्या मचाणावरच्या माणसाचे शास्त्र तेच आहे.

मोठ्या शहरांनी हे शास्त्र मोठ्या प्रमाणावर स्वीकारले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत नगरभर कॅमेऱ्यांची योजना आखली गेली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांची यंत्रणा पोलिसांच्या नियंत्रणकक्षाला जोडली गेली. आपल्या शेजारी ताडोबाच्या परिसरात, सीतारामपेठ गावाच्या सीमेवर बसविलेले कॅमेरे वाघ ओळखतात आणि गावकऱ्यांच्या मोबाइलवर इशारा पाठवितात. राज्यात संकटसमयी ११२ हा एकच क्रमांक फिरविला असता मदत मिळते. त्याचे एक केंद्र नवी मुंबईत तर दुसरे नागपुरात आहे. परंतु मध्यरात्री आरमोरीच्या दुकानात भोंगा वाजला तर नागपूरचा माणूस तेथे धावत येणार नाही. तो कळवील, धावावयाचे ते आपल्याच पेठेतील माणसाने.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याखेरीज पुढे जाणे योग्य नव्हे. पहिली, खोट्या हाकेची. साधनावर पाल चढली, उंदराने तार कुरतडली, गिरणीतील कोंड्याची धूळ बसली, तरी भोंगा वाजतो. दोनदा-तीनदा असे झाले की शेजारी कूस बदलून झोपतात. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलीच आहे. म्हणून साधने पुसणे, तारा तपासणे, बॅटरी पाहणे, ही कामे दिवाबत्तीसारखी नित्याची झाली पाहिजेत.

दुसरी गोष्ट माणसाच्या प्रतिष्ठेची. पाहणाऱ्याच्या हाती सत्ता येते, आणि सत्तेला मर्यादा हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. आणि त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. म्हणजे राखण करणाऱ्यावरही नजर हवी, हे तत्त्व आता मान्य झाले आहे. आपल्या दुकानातील नोकर, गिरणीतील हमाल यांच्यावर रात्रंदिवस संशयाचा डोळा रोखून ठेवणे हे रक्षण नव्हे. कॅमेरा गल्ल्यावर असावा, दारावर असावा. माणसाच्या जेवणाच्या पानावर नसावा. आणि कॅमेरा आला म्हणून म्हाताऱ्या चौकीदाराला घरी पाठवू नका. त्याला ते यंत्र शिकवा. यंत्राला डोळे आहेत, पण पाय नाहीत. चौकीदाराला दोन्ही आहेत.

शेवटी आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या समाजभवनासाठी आणि मुलींच्या वसतिगृहासाठी आठ कॅमेरे घ्यावेत, असा ठराव आज मंडळापुढे आहे. देणगीदारांनी रक्कमही देऊ केली आहे. त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. तथापि माझी नम्र सूचना अशी, की कॅमेरे आठाऐवजी चार घ्यावेत, ते फाटक, कुंपण व कचेरी येथेच लावावेत, आणि मुलींच्या खोल्यांकडे एकही वळवू नये. वाचलेल्या पैशातून प्रत्येक खोलीत, स्वयंपाकघरात आणि विजेच्या मीटरजवळ धूर ओळखणारी डबी बसवावी, अग्निशामक नळकांडी ठेवावीत, आणि मागच्या बाजूचे जे दार आम्ही वर्षानुवर्षे कुलूप लावून ठेवले आहे ते आतून सहज उघडेल असे करून घ्यावे. त्या दाराच्या बाबतीत दोष आपणा सर्वांचा आहे, माझाही आहे. मी स्वतः चार वर्षे मंडळावर होतो.

तेवढ्याने भागणार नाही. वसतिगृहाच्या जवळ राहणाऱ्या पाच बांधवांची नावे आज येथेच ठरावीत. भोंगा वाजताच ज्यांच्या मोबाइलवर निरोप जाईल आणि जे चप्पल शोधीत न बसता धावतील, अशी ती नावे असावीत. दर महिन्याच्या पौर्णिमेला एकदा भोंगा वाजवून पाहावा, मुलींनी किती मिनिटांत अंगण गाठले ते मोजावे आणि वहीत लिहून ठेवावे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीशेजारी त्या वहीतील बारा नोंदी छापाव्यात, अशी माझी इच्छा आहे.

बंधुभगिनींनो, दूध आटत आले आहे आणि चंद्रही माथ्यावर येत आहे. लक्ष्मी आज प्रश्न विचारून जाईल. पण आपल्या लेकी वर्षातील प्रत्येक रात्री आपल्या भरवशावर त्या वसतिगृहात झोपतात. त्यांच्यासाठी कोण जागे आहे, याचे उत्तर पाच नावांनी द्यावे. पहिले नाव माझे लिहून घ्यावे. वय झाले आहे, पण घर समोरच आहे.