बुबुळाचा शंकू आणि डोळ्यांची वेदना
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या या मंगल प्रसंगी दुखण्याचा विषय काढावा, हे काहींना रुचणार नाही. परंतु ज्या डोळ्यांच्या बळावर ही मुले विद्या संपादन करतात, त्या डोळ्यांविषयी चार शब्द बोलणे अप्रस्तुत ठरू नये. मी वैद्य नव्हे. उभा जन्म फळ्यापुढे घालविलेला एक शिक्षक आहे. म्हणून समजलेले तेवढेच सांगतो.

आपल्या बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्यास पारपटल म्हणतात. त्याची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलीमीटर. काही मुलांमध्ये वयात येण्याच्या सुमारास हा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ लागतो. हाच केरॅटोकोनस. ग्रीक भाषेत 'केरास' म्हणजे शिंग व 'कोनोस' म्हणजे शंकू. इंग्रज वैद्य जॉन नॉटिंगहॅम यांनी 1854 साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. हा विकार दूरदेशीचा आहे, असे मात्र समजू नये. आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरकडील खेड्यांतील तीस वर्षांवरील सुमारे 4,700 लोकांची तपासणी झाली. तिचा वृत्तांत 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ठरविलेल्या मापानुसार शेकडा 2.3 लोकांत हा दोष आढळला.

याची लक्षणे कोणती? चष्म्याचा नंबर, विशेषतः तिरकस नंबर, वारंवार बदलतो. दिव्याभोवती किरणे फाकतात. एका अक्षराची दोन-तीन अक्षरे दिसतात. अशा मुलास आपण 'अभ्यासाचा कंटाळा' म्हणून बोल लावतो, हा त्याच्यावर अन्याय होय.

आता वेदनेकडे वळू. पडदा पातळ होण्याने सहसा दुखत नाही. दुखण्याची कारणे निराळी असतात. पारपटलात संवेदनेचे तंतू दाट असल्यामुळे लहानसा ओरखडाही असह्य होतो. आपल्या सोलापूरचा उन्हाळा, रस्त्यावरील धूळ, मागावरील सुताची बारीक धूळ यांनी डोळे खाजतात व कोरडे पडतात. मग मूल डोळे चोळते. आणि चोळण्याने पडदा अधिकच दुर्बळ होतो. हे दुष्टचक्र मोडणे हाच पहिला उपचार. खाज सुटल्यास स्वच्छ थंड पाण्यात भिजविलेली घडी मिटलेल्या पापण्यांवर दाब न देता ठेवावी. कोरडेपणावर कृत्रिम अश्रूंचे थेंब व ॲलर्जीवर योग्य औषध डॉक्टरांकडून घ्यावे. उन्हात गडद चष्मा वापरावा.

या रोग्यांना पुष्कळदा कठीण लेन्स लावावी लागते. ती टोचू लागली तर सहन करीत बसू नये. काढून ठेवावी आणि तपासून घेतल्यावाचून पुन्हा लावू नये. नळाच्या पाण्याने ती कदापि धुऊ नये.

कधी पारपटलाचा आतला पापुद्रा फाटून पाणी आत शिरते. एकाएकी कळ येते, नजर धूसर होते व बुबुळावर पांढरा ढग दिसतो. तेव्हा मध, दूध, काजळ यांचे प्रयोग न करता तत्काळ नेत्ररुग्णालय गाठावे. दुकानातून आपल्या मनाने आणलेले स्टेरॉइडचे थेंब दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होऊ शकतो, हेही ध्यानी असावे.

विकार वाढत असल्यास पारपटल बळकट करण्याचा उपाय आज उपलब्ध आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे तो विकसित झाला. रिबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, डोळ्यांत घालून त्यावर अतिनील किरण सोडतात. वरचा पापुद्रा काढून हा उपचार केल्यास तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो. त्याने घाबरू नये, परंतु दुखणे वाढत गेल्यास डॉक्टरांना दाखवावे. या उपायाने वाढ थांबते. गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. म्हणून वेळ दवडू नये. भावंडांचेही डोळे तपासून घ्यावेत.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. मुलीचे डोळे अधू आहेत हे कळले तर सोयरीक जुळणार नाही, या भीतीने काही घरांत विकार लपविला जातो आणि उपचाराची वर्षे निघून जातात. ज्ञातिबांधवहो, लग्नासाठी मुलीची दृष्टी गहाण टाकणे हे कोणत्या शास्त्रात बसते? वरपक्षाकडील वडीलधाऱ्यांनीही याचा विचार करावा.

ज्यांचा पडदा फारच बिघडतो, त्यांना मृत व्यक्तीने दिलेल्या पारपटलाचाच आधार असतो. असे यशस्वी रोपण 1905 साली एडुआर्ड झिर्म यांनी प्रथम केले. नेत्रदानास वय, चष्मा वा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीस कळवून नेत्र काढले जावेत. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा व पंखा बंद करावा. आपण तेराव्याला अन्नदान करतो. त्याआधी हे दान घडल्यास कोणाच्या तरी घरी दिवा लागेल.

 मुलांना डोळे चोळू देऊ नका, एवढे एक वाक्य घरी नेलेत तरी माझे श्रम सार्थकी लागले असे समजेन.