येरवड्याला नेलेलं पोर



पुणे जिल्ह्यात भोर किंवा वेल्ह्याच्या एखाद्या गावात ‘पोराला येरवड्याला नेलं’ म्हटलं, की आईचं अवसानच गळतं. येरवडा म्हणजे तुरुंग, हे डोक्यात पक्कं. पण अठरा वर्षांखालच्या मुलाला तिथल्या जवाहरलाल नेहरू उद्योग केंद्रात, बाल न्याय मंडळापुढे नेतात. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात, त्यांतली एक बाई असावीच लागते. नियमाने उंच व्यासपीठ नको, आरोपीचा पिंजराही नको.

समजा, पंधरा वर्षांच्या पोराने विहिरीवरची मोटर उचलली आणि तांब्याची तार भंगारात विकली. अशा किरकोळ चोरीला मुलावर एफआयआर होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद होते. सोबत मोठा माणूस असला, तर मात्र गुन्हा दाखल होतो. आणि पोराला वायर कापायला धाडणारा बहुतेक वेळा मोठाच असतो! मुलाला बेड्या घालायच्या नाहीत, कोठडीत ठेवायचं नाही, पोलिसाने साध्या कपड्यांत बोलायचं. प्रवास वगळून चोवीस तासांत मंडळापुढे उभं करायचं. वय ठरतं ते आधी शाळेच्या दाखल्यावरून. पूर्वी गुरुजी सगळ्यांनाच १ जूनला जन्माला घालत, तेव्हा दाखला नीट बघून घ्या.

पण सगळ्यात मोलाचा कागद परिविक्षा अधिकाऱ्याचा. बाप काय करतो, शाळा कधी सुटली, संगत कुणाची, हे त्याने पंधरा दिवसांत लिहून द्यायचं. हा अहवाल गावात न येता टेबलावरच लिहिला गेला, तर पुढचं सगळं पोकळ.

याच मंडळापुढचं एक गाजलेलं प्रकरण आठवा. १९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे गाडीने दोघांचा जीव घेतला. ती चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला आणि लोक खवळले. ते रास्तच होतं. त्याला सज्ञान धरून खटला चालवावा, ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. त्यावरही संताप झाला. मला मात्र धास्ती वेगळीच वाटते. रागाच्या भरात कायदा कडक केला, तर तो आधी वेल्ह्याच्या पोरावर चालेल. त्याच्या बापाकडे वकिलांची फौज नसते.

अशा घरांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. पहिल्याच तारखेला मागा. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार, फार तर सहा महिन्यांत आटोपली नाही, तर प्रकरण तिथेच बंद होतं, हेही त्या वकिलाला विचारा.