बरोबरीचे क्रमांक आणि शाडूचा घन



घनाकृतींचे शिरोबिंदू, कडा व पृष्ठे मोजण्याचा पाठ बहुधा एका सूत्रावर येऊन थांबतो. शिरोबिंदूंतून कडा वजा कराव्या, पृष्ठे मिळवावी, उत्तर दोन. विद्यार्थी ते पाठ करतो व परीक्षेनंतर विसरतो. वास्तविक हे सूत्र स्वतःची चूक स्वतः शोधण्याचे साधन आहे. पण ती गोष्ट वर्गात राहून जाते.

लिओनार्ड ऑयलर बर्लिन येथे असताना १७५० साली त्याने गोल्डबाख या आपल्या स्नेह्यास पत्राने हा नियम कळविला. वर्गात तो शाडूने पडताळावा. ठोकळ्याला ८ शिरोबिंदू, १२ कडा व ६ पृष्ठे असतात. त्याचा एक कोपरा सुरीने थोडा छाटला की एक शिरोबिंदू जातो व तीन नवे येतात. कडा तीन वाढतात, पृष्ठ एक वाढते. दोनांतून तीन गेले, एक आला. हिशेब जागच्या जागी राहिला. आकार पालटला तरी ही संख्या ढळत नाही, हेच तिचे मोल.

आता शाडू क्षणभर बाजूस ठेवून मैदानावर यावे. अ, ब, क, ड ही चार मुले शर्यतीत धावली. बरोबरी चालत असेल तर निकाल किती प्रकारे लागेल? प्रथम मुलांचे गट पाडावे, मग गटांना क्रम द्यावा. चौघांचे एक, दोन, तीन व चार गट अनुक्रमे १, ७, ६ व १ रीतींनी पडतात. (या संख्यांना आज ज्याचे नाव आहे, त्या जेम्स स्टर्लिंगचा ग्रंथ १७३० सालचा.) दोन गटांचे क्रम २, तीन गटांचे ६, चार गटांचे २४. म्हणून निकाल १, १४, ३६ व २४, एकूण ७५.

येथे मुलांना वाटते की गणित संपले. पण आठ समभुज त्रिकोणांनी वेढलेला घन शाडूचा करावा व त्याचे सहाही कोपरे, प्रत्येक कडेच्या एकतृतीयांशावर, छाटावे. मग मोजावे. शिरोबिंदू २४, कडा ३६, पृष्ठे १४! डच गणिती स्खाउटे याने १९११ साली अशा आकृतींचा अभ्यास केला. प्रत्येक शिरोबिंदू हा बरोबरी नसलेला एक निकाल मानावा. लागोपाठच्या दोघांनी क्रमांक बदलले की शेजारचा शिरोबिंदू येतो. त्या दोघांची बरोबरी म्हणजे मधली कडा. दोन गटांचा निकाल म्हणजे पृष्ठ. एक मूल व तिघे असे गट असतील तर पृष्ठ षटकोनी, दोन-दोन असतील तर चौरस. चौघेही बरोबर आले तर तो निकाल म्हणजे अखंड घन.

एखादा विद्यार्थी दोन-दोनांचे गट हमखास विसरतो. त्याची पृष्ठे ८ च भरतात. त्याला लगेच चूक सांगू नये; सूत्र लावण्यास सांगावे. २४ वजा ३६ अधिक ८ म्हणजे उणे ४. दोन येण्यास सहा कमी पडतात, आणि सहा चौरस त्याच्या हातातील शाडूवरच दिसत असतात. लाल शाईची गरज उरत नाही.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. दाराच्या पूर्ण चौकटीला मध्ये भोक असते. तिचे चारही कोपरे तिरप्या सांध्यांचे धरून मोजले तर १६ शिरोबिंदू, ३२ कडा व १६ पृष्ठे मिळतात, उत्तर शून्य. नियम मोडला असे नव्हे. तो आरपार भोक नसलेल्या घनांचा आहे, हे प्रथमच सांगावयास हवे.

पाच मुले धावली तर त्या निकालांची आकृती शाडूत घडविता येत नाही. तिला चौथी मिती लागते. पण निकाल पाटीवर मोजता येतात: १२०, २४०, १५०, ३० व १. एकाआड एक वजा-अधिक करीत गेल्यास १ उरतो. चौघांच्या निकालांतही, अखंड घन धरून, २४ वजा ३६ अधिक १४ वजा १ म्हणजे १ च येतो. तिघांचा ताळा मुलांनीच करावा.