मी नेमकं काय काम करते?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळपासून चहाच्या टेबलाशी सात-आठ जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस, म्हणजे नक्की करतेस काय?" संयोजकांनी वेळ थोडा दिला आहे, तेव्हा एकच गोष्ट नीट सांगते. तिचं नाव लोड बॅलन्सर.

दहावीचा निकाल आता ऑनलाइन लागतो. ठरलेल्या वेळी लाखो मुलं, त्यांचे आईवडील, मामा-मावश्या सगळे एकदम तुटून पडतात. अशी गर्दी एका सर्व्हरला झेपत नाही. म्हणून मागे अनेक सर्व्हर ठेवतात आणि पुढे एक वाटप करणारा. तोच लोड बॅलन्सर. दाखल्यासाठी ऑफिसात गर्दी झाली की शिपाईमामा दारात उभे राहून "तू या टेबलाकडे, तू त्या" असं करायचे, तसंच. फरक एवढाच, की हा मामा दर काही सेकंदांनी प्रत्येक टेबलाला विचारतो, "चालू आहे ना?" दोन-तीनदा उत्तर आलं नाही, की तिकडे माणसं पाठवणं बंद.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर ही सोय २००९पासून भाड्याने मिळते. स्क्रीनवर चार बटणं दाबली की लोड बॅलन्सर तयार. पण बटणं कोणी दाबली आणि का दाबली, हे सहा महिन्यांनी कोणालाही सांगता येत नाही. म्हणून आम्ही बटणं दाबत नाही, लिहून काढतो. त्यासाठी टेराफॉर्म नावाचं साधन आहे, २०१४ साली आलेलं. त्याच्या फाइलमध्ये लोड बॅलन्सरचे गुणधर्म लिहायचे: नाव काय, बाहेरच्या जगासाठी की फक्त आतल्यांसाठी, कोणत्या दोन किंवा अधिक झोनमध्ये उभा राहणार. "आधी हे कर, मग ते कर" असं त्यात नसतं. "असा असावा" एवढंच. मग टेराफॉर्म प्रत्यक्षात काय आहे ते बघतं आणि फरक आपल्यापुढे ठेवतं.

हा फरक वाचणं हे माझ्या कामातलं सर्वांत जबाबदारीचं काम. काही गुणधर्म जागच्या जागी बदलतात. काही बदलतच नाहीत: नाव बदला, की जुना लोड बॅलन्सर पाडून नवा बांधला जातो आणि त्याचा पत्ताही नवा. घरावरची पाटी बदलायला सांगावी आणि गवंड्याने घरच पाडावं, तसं. टेराफॉर्म आधी तसं स्पष्ट सांगतं. वाचणाऱ्याने वाचलं पाहिजे.

आणि जे लिहिलं नाही, त्यालाही किंमत असतेच. आतला की बाहेरचा हे लिहिलं नाही, तर तो बाहेरचा, म्हणजे इंटरनेटला उघडा धरला जातो. चुकून पुसला जाऊ नये म्हणून असलेलं कुलूप लिहिलं नाही, तर ते लावलेलं नसतं. कोणी गप्प बसलेलं असेल, तर किती वेळाने फोन ठेवायचा, तेही लिहिलं नाही तर ६० सेकंद.

या ६० सेकंदांची एक गोष्ट सांगते. आमच्या एका ग्राहकाचं काम कारखान्यांची पगारपत्रकं बनवण्याचं. कामगार वाढले तसं मोठ्या कारखान्याचं पत्रक बनायला चार मिनिटं लागू लागली. ६० सेकंद झाले की लोड बॅलन्सर फोन ठेवायचा आणि लेखा विभागातल्या माणसाला स्क्रीनवर ५०४ दिसायचा. महिनाअखेर होती, पगार अडकले होते. तिथल्या एका अभियंत्याने रात्री बटण दाबून ६०चे ३०० केले. पगार झाले. (इतकं वेळखाऊ काम खरं तर मागच्या मागे करायला हवं, पण त्या रात्री त्याने केलं ते योग्यच होतं.) फक्त फाइलमध्ये काही लिहिलं नाही, आणि पुढे तो नोकरी सोडून गेला.

काही आठवड्यांनी आम्ही वेगळाच छोटा बदल करायला घेतला. टेराफॉर्मने फरक दाखवला, त्यात न मागितलेली एक ओळ होती: ३००चे ६० होणार. फाइलमध्ये नाही, म्हणजे मूळ किंमत, हा त्याचा हिशेब. आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी होती. ती म्हणाली, "मॅडम, हे ३०० कोणीतरी कशासाठी तरी केलं असेल ना?" चौकशीला दोन दिवस गेले. लेखा विभागात फोन केला तेव्हा उलगडा झाला. महिनाअखेरीला चार दिवस उरले होते.

आपल्या विज्ञानाच्या पेपरात "शास्त्रीय कारणे लिहा" असा प्रश्न असायचा, आठवतं? विधान छापलेलंच असायचं, गुण कारणाला मिळायचे. कोडमध्येही ३०० हे नुसतं विधान आहे. म्हणून मी आकडा लिहायला लावला आणि त्या मुलीने वर स्वतःहून एक ओळ घातली: "मोठ्या कारखान्याच्या पगारपत्रकाला चार मिनिटे लागतात. कमी करण्याआधी लेखा विभागाला विचारा." ती मुलगी आता दुसऱ्या कंपनीत आहे. ओळ अजून तिथेच आहे.

जेवणाची वेळ झाली, सर मघापासून घड्याळ बघतायत.