लाल विटांचं घर



लंडनच्या आग्नेयेला बेक्स्लीहीथ नावाचं उपनगर आहे. तिथल्या नेहमीच्या घरांच्या गर्दीत एका विटांच्या भिंतीआड उंच, उतरत्या कौलांचं एक घर उभं आहे. त्याचं नाव रेड हाऊस. १८५९ साली ते बांधायला घेतलं, तेव्हा भोवती केंट परगण्यातल्या फळबागा होत्या. उपनगर नंतर आलं.

घर बांधवून घेणारा विल्यम मॉरिस पंचवीस वर्षांचा होता, नुकतंच लग्न झालेला. वास्तुकार होता त्याचा मित्र फिलिप वेब. स्वतंत्रपणे हाती घेतलेलं त्याचं हे पहिलंच काम. त्या काळी विटांवर गुळगुळीत गिलावा चढवून दगडाचा आभास करण्याची चाल होती. वेबनं वीट उघडी ठेवली. खिडक्याही बाहेरून जुळाव्यात म्हणून बसवल्या नाहीत. आतल्या जागेची गरज पाहून कुठे लांबट, कुठे गोल अशा काढल्या. घराच्या दोन बाजू काटकोनात जुळतात आणि त्यांच्या कुशीत टोकदार छपराची विहीर आहे.

घर उभं राहिलं, पण मनाजोगतं सामान बाजारात मिळेना. मग मित्रमंडळीच कामाला लागली. चित्रकार बर्न-जोन्सनं दिवाणखान्याच्या भिंती रंगवल्या. मॉरिस आणि त्याची पत्नी जेन यांनी पडद्यांवर भरतकाम केलं. छताचा गिलावा ओला असतानाच त्यात टोचे मारून नक्षीची खूण करून ठेवली. या उद्योगातूनच १८६१ मध्ये त्यांची सजावटीची कंपनी निघाली. बागेतल्या जाळीवर चढलेल्या गुलाबांवरून मॉरिसनं भिंतकागदाचा नमुना काढला. त्यातले पक्षी वेबनं रेखाटले.

आजारपण, लंडनची रोजची ये-जा आणि पैशाची ओढ यांमुळे १८६५ मध्ये मॉरिसनं हे घर सोडलं. पुढे अनेक कुटुंबं इथे राहिली. १९५२ साली आलेल्या वास्तुकार टेड हॉलंबी यांच्या कुटुंबानं सुमारे अर्धशतक ते राहतं ठेवून जपलं. २००३ पासून नॅशनल ट्रस्ट ही संस्था त्याची निगा राखते. २०१३ मध्ये एका शयनगृहात भिंतीतल्या कपाटामागे झाकलेलं मोठं चित्र उजेडात आलं. मॉरिसच्या मित्रांच्या हातचं ते चित्र दीडशे वर्षं तिथेच होतं.

म्हणून एक विनंती. आपल्या वाट्याला जुनं घर आलं, तर नवा रंग देण्याआधी त्याच्या भिंती सावकाश पाहा. कुणाचे तरी हात तिथे राबलेले असतात.