घर विकायचंय? आधी उतारा काढा

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा पैसा आला की गावातल्या घरांना गिऱ्हाईक विचारायला लागतं. मग घाईघाईनं भिंतींना चुना लागतो, गळके पत्रे बदलतात. ते कराच, गळकं घर पाहून भाव पडतो. पण आम्ही गटात आधी विचारतो, उतारा कुणाच्या नावावर आहे?

ग्रामपंचायतीतून नमुना ८ काढा. तो घरपट्टीचा उतारा, नुसत्या त्यावर मालकी ठरत नाही. ड्रोननं गावठाण मोजलं असेल तर मालमत्ता पत्रकही घ्या. घरधनी मृत्युपत्र न करता वारला, तर हिंदू वारसा कायद्यानं त्याची आई, बायको, मुलगे आणि लेकी, सगळे वारस. नांदायला गेलेली लेकसुद्धा! तिची सही राहिली की सौदा पुढं कोर्टात अडकतो. चोळीबांगडीवर तिची बोळवण करणं तर आम्हाला मुळीच पटत नाही.

घर नवरा-बायको दोघांच्या नावानं लावा, असं शासनानं २००३ सालीच सांगितलंय. तुमचं नाव लागलं असेल, तर तुमचा हिस्सा तुमच्या सहीशिवाय विकता येत नाही.

घराचे फोटो मोबाईलवर खुशाल पाठवा, उताऱ्याचा मात्र नको. इसार पावती म्हणजे विक्री नव्हे. खरेदीखत दुय्यम निबंधकांकडंच नोंदवायचं. बाईच्या एकटीच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, हे गिऱ्हाइकाच्या घरातल्या बाईला जरूर सांगा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपला नमुना ८ आणावा. आपण मिळून वाचू.