मोजणाऱ्या हाताचं माप



या परिषदेचं अध्यक्षपद यंदा एका बायोमेडिकल इंजिनिअरकडे आलं. पहाटे पाचला येऊन यंत्र तपासणाऱ्या आणि पेशंट आत यायच्या आधी बाहेर पडणाऱ्या आपल्या सगळ्यांचा हा मान आहे, म्हणून मी तो आनंदानं स्वीकारते.

आज बोलायचं आहे ते शस्त्रक्रियेच्या रोबोटिक हाताच्या कॅलिब्रेशनबद्दल, जे आता यंत्र स्वतःच करू लागलं आहे.

शिंप्याच्या टेपचं टोक सेंटीमीटरभर तुटलेलं असेल, तर माप दर वेळी सारखंच येतं आणि दर वेळी तेवढंच चुकतं. रोबोटिक हाताचंही असंच. एकाच जागी पुन्हापुन्हा येण्यात तो तरबेज असतो. पण ती जागा आपण सांगितलेलीच आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. खांद्याच्या सांध्यात अंशाच्या दहाव्या भागाइतका फरक राहिला, तर 600 मिलिमीटर लांब हाताच्या टोकाशी तो एक मिलिमीटर होतो. मणक्यात स्क्रू बसवताना एक मिलिमीटर म्हणजे काय, हे इथल्या सर्जननी मला शिकवलं आहे.

1992 साली अमेरिकेत सॅक्रामेंटोला रोबोडॉक या रोबोटनं पहिल्यांदा माणसाच्या मांडीच्या हाडात खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी पोकळी कोरली. त्यासाठी हाडात आधी पिना बसवायच्या, त्यांच्यासकट सीटी स्कॅन काढायचा, आणि मग टेबलावर रोबोटनं त्याच पिना शोधायच्या. हाड नेमकं कुठे आहे, हे त्याला दुसरं कसं कळणार? पण त्या पिनांमुळे काही पेशंटचा गुडघा पुढे दुखत राहिला. मोजमापाची किंमत पेशंटनं अशी स्वतःच्या अंगावर सोसली आहे, हे आपण विसरू नये. दा विंचीसारख्या यंत्रात सर्जन हत्यार डोळ्यांनी पाहत असतात. हात किंचित चुकला तर तिथल्या तिथे सावरून घेतात. हाड कोरणारा किंवा सुईची दिशा ठरवणारा रोबोट मात्र आकड्यांच्या भरवशावर चालतो.

पूर्वी हे काम आम्ही हातानं करायचो. स्टीलच्या प्लेटवरच्या खळगीत पॉइंटर टेकवायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, की पुढची खळगी. चाळीस खळग्या होईपर्यंत मान आखडायची, आणि शेवटच्या दहा नोंदी पहिल्या दहांइतक्या नीट नसायच्या. आता हात स्वतःहून पन्नास-साठ ठिकाणी जातो, टोकावरचे चमकणारे गोळे इन्फ्रारेड कॅमेरा टिपतो. डेनाव्हिट आणि हार्टेनबर्ग यांनी 1955 साली प्रत्येक सांध्यासाठी चार आकडे मांडले: लांबी, पीळ, अंतर आणि कोन. मोजलेली जागा आणि हिशेबानं आलेली जागा यांत कमीत कमी फरक उरेल, असे ते आकडे संगणक जुळवतो. मी पूर्णपणे या पद्धतीच्या बाजूची आहे. थकलेल्या माणसाकडून असं मोजमाप करून घेणं हा पेशंटवर अन्याय आहे.

पण एक सकाळ सांगते. मी तेव्हा जिथे काम करत होते, तिथे नुकतंच हे आपोआप कॅलिब्रेशन सुरू झालं होतं. पडद्यावर हिरवी खूण, उरलेला फरक 0.2 मिलिमीटर. आमचे ज्येष्ठ टेक्निशियन तरीही कपाटातून जुनी प्लेट घेऊन आले. "मॅडम, दोन मिनिटं थांबा, टेकवून बघू." टेबलाच्या डाव्या बाजूला पॉइंटर खळगीत अलगद बसला. उजवीकडे तो चक्क दोन मिलिमीटर बाहेर, प्लेटच्या सपाट भागावर टेकला. छताचा दिवा खाली ओढलेला राहिला होता. धडक टाळायला यंत्रानं सगळ्या जागा डावीकडच्याच निवडल्या होत्या. जिथे हात गेला तिथला हिशेब उत्तम जुळला होता. जिथे गेलाच नाही, तिथलं त्याला काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशीची केस आम्ही पुढे ढकलली.

ज्या नोंदींवरून आकडे जुळवले, त्याच नोंदींवर परीक्षा घेतली तर निकाल चांगलाच लागणार. पेशंटचं शरीर आणि स्कॅन जुळवतानाही हाच धोका असतो. फिट्झपॅट्रिक यांनी 2009 साली दाखवून दिलं, की खुणांची मांडणी तीच असताना खुणांवर दिसणारा फरक आणि प्रत्यक्ष लक्ष्यावर होणारी चूक यांचा परस्परसंबंध नसतो. आणि आपण तर पडद्यावरचा तोच आकडा पाहून निश्चिंत होतो!

किराणा दुकानातला काटा पासिंग करताना वैधमापनचा निरीक्षक स्वतःची प्रमाणित वजनं वापरतो. ऑपरेशन थिएटरमध्येही तसंच व्हावं, एवढी माझी मागणी आहे. कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेल्या खळग्या, टेबलाच्या चारही कोपऱ्यांत. प्लेट बाहेरच्या प्रयोगशाळेतून मोजून आणलेली. आणि त्या वेळचं खोलीचं तापमान नोंदीत, कारण ॲल्युमिनियमचा हात उष्णतेनं लांबतो. कच्च्या नोंदी मागितल्या की "आमच्या सर्व्हिस इंजिनिअरला विचारा" हे उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्या नोंदी हॉस्पिटलला मिळाल्याच पाहिजेत, ही अट खरेदीच्या टेंडरमध्येच घाला. यंत्र आल्यावर भांडून काही हाती लागत नाही.

आमच्या त्या ज्येष्ठ टेक्निशियननी निवृत्त होताना ती जुनी प्लेट माझ्याकडे दिली. आज ती सोबत आणली आहे. दुपारी शेजारच्या दालनात प्रात्यक्षिकाचा रोबोट आपोआप कॅलिब्रेट होईल, तेव्हा ती त्याच्यासमोर ठेवू. उजवीकडच्या खळग्यांपासून सुरुवात करू.